भरावावरचा पेरू

धरणावरच्या चौकीदाराला सगळं गाव ‘उपट्या’ म्हणायचं आणि तोही, नाक मुरडत का होईना, ओ द्यायचा. सकाळी खुरपं घेऊन भरावावर फिरायचं आणि दिसेल ते रोपटं मुळासकट उपटायचं, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. गवत तेवढं त्याला चालायचं. धरण ते केवढं! अडीचशे पावलांचा मातीचा भराव, मागे मोठंसं तळं म्हणावं एवढं पाणी आणि पुढे खालच्या अंगाला दीडशे घरांची वस्ती. पण उपट्याचा थाट असा, की समुद्र ह्यानेच एका हाताने अडवून धरलाय.

दुपारी बायको डबा घेऊन यायची. खालच्या उतारावर, पायथ्यापासून दहाबारा पावलं वर, दोघं जेवायला बसत. जेवणावर तिला पेरू लागायचा. तो खाताना ती फूफू करत बिया उतारावर उडवायची आणि नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या की पोट धरून हसायची.

“अगं, इथे नको थुंकूस. उगवलं एखादं म्हणजे?”

“उगवू दे की. तुम्ही आहातच. उद्या मी इथे जरा वेळ उभी राहिले तर मलाही उपटाल.”

“थट्टा नाही ही. मूळ आत शिरलं की त्याच्या कडेने पाणी वाट काढतं. पाण्यामागून माती निघते. आपली लेक खाली राहते, विसरलीस?”

“बरं बाबा, गिळते बिया!” म्हणायची, आणि परत फू.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती चार दिवसांत गेली. पाचव्या दिवशी हा खुरपं घेऊन कामावर हजर. “डोळ्यांत टिपूस नाही हो, दगड आहे दगड,” असं बायका नळावर बोलल्या. बोलणारच. पुढच्या वर्षी ती बसायची नेमक्या त्याच जागी पेरूचं रोप वर आलं, ते त्यांना कुठे ठाऊक होतं? उपट्या गुडघ्यांवर बसला, दोन बोटांत देठ धरला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग खुरपं कमरेला खोचून पुढे निघून गेला.

नऊ वर्षं ते झाड त्याने लपवलं. उंच झालं तर वरच्या रस्त्यावरून दिसेल म्हणून शेंडा छाटत राहिला. वर्षातून एकदा इंजिनिअर साहेब पाहणीला यायचे, त्या दिवशी त्याच्यावर धुतलेली चादर, सदरे आणि दोन चड्ड्या पसरून ठेवायचा. साहेब गाडीजवळूनच विचारायचे, “ते काय आहे रे?”

“कपडे वाळत घालायला खुंट रोवलाय, साहेब. खाली वारा बरा लागतो.”

“बरं, बरं.” साहेब पुढच्या कामाला.

वरून छाटलं तेवढं ते खालून पसरत होतं, हे उपट्याइतकं कोणाला कळणार? पण त्याने तिकडे पाठ फिरवली. दुपारचा डबा आता तो एकटाच त्या ठेंगण्या झाडाला टेकून खायचा.

मातीच्या धरणाला पायथ्याशी थोडा पाझर असतोच. उपट्या रोज त्या पाण्याने काचेची बरणी भरून चौकीच्या खिडकीत ठेवायचा. तळाशी काही बसलं नाही, की वहीत लिहायचा: ‘पाणी नितळ.’ एका सकाळी बरणीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ दिसला. धरण आतून पोखरलं जात होतं. पाझर नेमका पेरूच्या खालून येत होता.

बरणीच धुतलेली नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून भरली. गाळ जास्तच. त्या दिवशी वहीत त्याने काहीच लिहिलं नाही. तीस वर्षांत तेवढी एकच ओळ कोरी आहे. तिसऱ्या दिवशी पाण्याबरोबर माती डोळ्यांदेखत वाहताना दिसली, तेव्हा त्याने फोन केला. वस्तीत जाऊन घरंही स्वतःच रिकामी करवली.

साहेब आले. तळाचा दरवाजा उघडून पाणी उतरवायला घेतलं. मग साहेब झाडापाशी आले नि बघतच राहिले. “हा तुझा खुंट? मी दरवर्षी काय बघत होतो मग?”

“माझ्या चड्ड्या, साहेब.”

साहेबांना हसूही येईना नि रागावताही येईना. “मला लिहावं लागेल हे.”

“लिहा. माझ्याच नावावर लिहा. पाणी उतरलं की मुळं मात्र मला काढू द्या. मशीन तोडून टाकेल. आत राहिलेलं मूळ कुजलं, की परत पोकळी.”

पाणी उतरलं आणि तो खणायला बसला. तेवढ्यात लेक तरातरा चढून आली. “नऊ वर्षं, बाबा? माझी पोरं खाली झोपायची! बाकीची बोटभर रोपं उपटलीत, आणि हे—” बोलता बोलता तिची नजर जागेवर गेली. खाली पायथा, वर दहाबारा पावलं. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती इथेच झोपायची.

तिने पदर खोचला नि बापासमोर मातीत बसली. दोन दिवस बापलेक मुळं काढत होती. जाड, बारीक, केसाएवढी. एक तर हातभर आत वाकडं गेलं होतं. शेवटी लेक म्हणाली, “हे शेवटचं ना?” उपट्या म्हणाला, “हाताला तरी लागत नाही आता.” मग साहेबांनी खड्डा रुंद करवला, चिकणमातीचे थर देऊन धुमसाने ठोकून घेतला. लोक महिनाभराने घरी परतले.

बरणी हळूहळू नितळ झाली. चौकीदाराला बदलायचं म्हणून कागद आला, पण नवीन माणूस येईपर्यंत खुरपं ह्याच्याच हातात होतं.

उकरलेल्या जागेवर गवत अजून धरलं नव्हतं. एका दुपारी तिथे डबा सोडताना त्याला पेरूचं रोप दिसलं. दोन पानं, बस्स. मातीत कुठलीशी बी राहून गेली असावी.

उपट्याने डबा बाजूला ठेवला. दोन बोटांत देठ धरला, आजूबाजूची माती सैल केली आणि मूळ तुटू न देता अलगद वर काढलं.