आपलं पत्र मिळालं

मंगळवार होता. फार्मसीत मी एका आजींना ब्लडप्रेशरच्या गोळ्या समजावून सांगत होते, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या ऑफिसातून फोन आला. तो मीटिंगमध्ये कोसळला होता. मी हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर इथे परदेशात, हॅमिल्टनच्या आमच्या घरी जो भेटायला आला, तो विनयच्या पत्रांचा एखादा किस्सा ठेवून गेला. आता ते इतके साठलेत, की उतरवून काढलेले बरे.

*

ही पत्रं तिबेटच्या स्वातंत्र्यासाठी, देशोदेशींच्या पंतप्रधानांना. लिहिणारे आम्ही तिघं: विनय, मी आणि लोबसांग.

लोबसांग इथल्या हॉस्पिटलात ऑर्डर्ली, पेशंटची ने-आण करणारा. एकदा तिथल्या लिफ्टमध्ये आमचं मराठी बोलणं ऐकून म्हणाला, "तुम्ही पुण्याचे का जी?" विनय गारच! चेहरा तिबेटी आणि बोली थेट विदर्भातली! वडील तरुणपणी तिबेट सोडून गोंदियाकडच्या निर्वासित वसाहतीत आले. याचा जन्म तिथलाच.

"माहा देश मी पाहिलाच नाही, वहिनी. बाबानं पाहिला. मराच्या आधी त्याले एकदा घरी जाच्चं आहे."

दर रविवारी आमचं डायनिंग टेबल पत्रांनी भरायचं ते या एका वाक्यापायी, आणि ते वाक्य प्रत्येक पत्रात असायचं.

*

पुण्यात विनयने हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला बारा वर्षं पत्रं लिहिली होती. पंतप्रधानांनाही तोच खाक्या: "संदर्भ: आमचे मागील पत्र." युरोपातल्या एका कार्यालयाने कळवलं, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. विनयने उलट टपाली लिहिलं, "नोंद घेतलीत हे समजलं. कुठे घेतलीत, ते कळवावं!"

*

लेक इरा इथेच जन्मलेली. एकदा म्हणाली, "बाबा, डझ एनीवन एव्हर से येस?"

"अजून नाही. तू तरी खोली आवर म्हटल्यावर पहिल्या फटक्यात येस म्हणतेस का?"

*

विनयच्या कंपनीची दूध पावडर चीनला जायची. बॉस म्हणाला, "आठवडाभर त्यांना दूध विकतोस आणि रविवारी त्यांच्याविरुद्ध पत्रं?"

"भांडण मोठ्यांचं. त्यात लेकरांचं दूध तोडू नये!"

त्या वर्षीचं प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. हे विनयने मला कधी सांगितलं नाही. भेटायला आलेल्या बॉसनेच सांगितलं.

*

एकदा एका मंत्र्यांनी दहा मिनिटं दिली. लोबसांगने मोठ्या मानाने त्यांच्या गळ्यात पांढरा खाता घातला. खाता म्हणजे तिबेटी लोकांचं मानाचं रेशमी वस्त्र. बाहेर फोटोग्राफर उभे होते. दाराशी जाताना मंत्र्यांनी तो काढला, नीट घडी घातली आणि लोबसांगच्या हातात दिला.

पार्किंगमध्ये लोबसांग म्हणाला, "मोठे लामा खाता परत आपल्या गळ्यात घालतात, तो आशीर्वाद राह्यते. यानं घडी करून हातात देल्ला. हे काय झालं, विनयभाऊ?"



*

विनय गेल्यावर तीन आठवड्यांनी पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या पंतप्रधानांचं पत्र आलं. चक्क हाताने लिहिलेलं, विनयच्या नावावर. "तुमच्या मित्राच्या वडिलांच्या गावाचं नाव काय? आमच्याकडे गाव सांगितल्याशिवाय माणसाबद्दल बोलायला उभं राहता येत नाही. मला त्यांच्याबद्दल संसदेत बोलायचं आहे."

आठ वर्षं पत्रं लिहिली. विनय प्रत्येक पत्र तीनदा तपासायचा. पण गावाचं नाव आमच्यापैकी कुणीच, कधीच विचारलं नव्हतं! लोबसांगनेसुद्धा!

त्याने आमच्याच टेबलावरून वडिलांना फोन लावला. स्पीकरवर. तिबेटीत काही बोलणं झालं.

"म्हातारा विचारून राहिला, कायले पाहिजे?"

मी म्हटलं, "सांग, एका पंतप्रधानांनी विचारलंय."

 मग पलीकडून एक नाव आलं. लोबसांगने ते पाकिटाच्या मागे लिहिलं. म्हातारा मात्र थांबेना. नदीचं नाव, शेजाऱ्यांची नावं, एकेक घर घेत चालला. लोबसांग आधी मला मराठीत सांगत होता, मग सांगायचा थांबला. फोन कार्डावरचे पैसे संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

पाकीट फ्रिजवर लावलेलं आहे. उत्तर मी अजून लिहिलेलं नाही; ते तीनदा तपासणारा आता नाही.