सलाइनच्या बाटलीवरची चिठ्ठी

प्रस्तुत लेखकाचा आणि सिस्टरबाईंचा परिचय रुग्णालयाच्या नऊ नंबरच्या खाटेवर झाला. लेखक तापाने आडवा झालेला होता, मधुमेही होता आणि प्रौढ वर्गात नुकताच जोडाक्षरांपर्यंत पोहोचला होता.

बाईंना सारा वॉर्ड 'एकटोच' म्हणत असे. इतरांनी टोचून टोचून चाळण केलेला हात त्यांच्यापुढे आला, की त्या दंडाला रबरी पट्टा आवळत, बोटाने कातडी चाचपत आणि पहिल्याच टोचात सुई शिरेत नेत. "शीर बघायची नसते, चाचपायची असते," असे त्या शिकाऊ मुलींना बजावत. तत्त्व खरेच होते. शिवाय ते बाईंच्या सोयीचेही होते. कारण वर्षभरापासून त्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले होते. चष्मा दोनदा बदलूनही फरक पडला नव्हता. कार्यालयाला हे कळले, तर वॉर्ड सुटणार आणि चादरींच्या कोठीत रवानगी होणार, हे त्या पुरते जाणून होत्या.

म्हणून त्यांनी एक नियम काढला. बाटली सुरू करण्यापूर्वी रुग्णाने तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची. मोठे डॉक्टर ते पाहून अतिशय प्रसन्न झाले. "ह्याला म्हणतात दूरदृष्टी!" असे म्हणून त्यांनी सर्व वॉर्डांना तसा हुकूम सोडला.

लेखकाने हे काम फारच मनावर घेतले. सात नंबरचा ट्रकचालक मात्र वैतागे. "आजोबा, तुमचं वाचून होईस्तोवर माझा ताप उतरेल."

"उतरू दे की. माझंच एक काम कमी होईल," बाई म्हणत.

एका दुपारी बाईंनी नवी बाटली टांगली, नळीतली हवा काढली आणि थेंब सोडायच्या नळीवरच्या चाकीवर अंगठा ठेवला. लेखक वाचू लागला. "ग्लु... ग्लुकोज. पाचशे. खाट क्र... क्रमांक सात."

"नऊ असेल. नीट बघा, आजोबा."

"सातच आहे, बाई. नऊ मी वर्गात आठ दिवस गिरवलाय."

ट्रकचालक खिदळला. "अहो, ती माझी! माझी साखर त्यांच्या अंगात कशाला घालताय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी नाकाशी आणली, लांब धरली, पुन्हा नाकाशी आणली. चाकी अजून बंदच होती. त्यांनी बाटली नळीसकट उतरवली, साध्या सलाइनची दुसरी आणली, ती शिकाऊ मुलीकडून दोनदा वाचून घेतली आणि घड्याळ धरून थेंब मोजायलाही तिलाच लावले. सुईच्या जागी सूज नाही ना, एवढे मात्र बोटाने स्वतः पाहिले.

मग त्या खाटेच्या कडेला बसल्या. रुग्णाच्या खाटेवर कोणी बसू नये, हाही त्यांचाच नियम होता.

"आजोबा, वही आहे ना जवळ?"

"आहे. पण अक्षर फार मोठं येतं माझं."

"तसलंच हवंय. वॉर्डातून बदली मागायचा अर्ज लिहून द्या मला. सही करायच्या आधी तो माझा मला वाचता आला पाहिजे."