इंजिन उतरावं लागंल!

जुनी गाडी असलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी बंद पडते, आपण गॅरेजातल्या बाकड्यावर जाऊन बसतो, शेजारी आणखी कोणीतरी आपली रडकथा घेऊन बसलेला असतो, आणि चहा येईपर्यंत एक किस्सा तयार! नव्वद सालानंतरची दहाएक वर्षं मी शाहूपुरीत दत्तूअण्णा मिस्त्रीच्या बाकड्यावर अशीच घालवली. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. माझ्याबरोबर कायमचे दोघं, कांबळे वकील आणि बावड्याचे पाटील. तिघांच्याही गाड्या सेकंडहँड आणि तिघांचाही अण्णावर अजिबात विश्वास नाही. तरी जायचो त्याच्याचकडे. कारण बाकीच्या मिस्त्रींवर त्याहून कमी!

*

अण्णाची एक पद्धत होती. गाडीतून काढलेला जुना पार्ट तो वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "ह्यो तुमचा जुना पार्ट. बघून घ्या."

आता हा माझाच पार्ट कशावरून? झिजलेल्या पार्टांचं पिंप भरून ठेवलं असेल मागे! येईल त्याला त्यातला एक काढून द्यायचा, की झालं. मी केमिस्ट्रीवाला, मला पुरावा लागतो. म्हणून गाडी टाकायच्या आदल्या दिवशी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि बॉनेट उघडून हात पोचेल त्या प्रत्येक पार्टवर एकेक लाल ठिपका दिला.

दोन दिवसांनी अण्णानं वॉटर पंप बदलून जुना माझ्या हातात ठेवला. मी बाजूला जाऊन हळूच कागद सोडला. ठिपका होता! मी गुपचूप पुन्हा गुंडाळायला लागलो.

अण्णा मागून म्हणाला, "सर, वैनींना सांगा, रंग एकदम झ्याक हाय. पर नव्या पंपाला लावायचा ऱ्हायलाय बघा. बाटली आणलीया न्हवं?"

*

कांबळे वकिलांचा संशय धंद्यातूनच आलेला. त्यांच्या गाडीत मागून टकटक आवाज यायला लागला. वकिलांनी तीन गॅरेजं पालथी घातली आणि तिघांचं म्हणणं एका वहीत साक्षीदाराच्या जबाबासारखं उतरवून घेतलं. एक म्हणाला गिअरबॉक्स, दुसरा म्हणाला मागचा अ‍ॅक्सल, तिसरा म्हणाला गाडीच काढून टाका. शेवटी ते वही घेऊन अण्णाकडे आले.

अण्णानं गाडीचा एक राउंड मारला, परत आला, डिकी उघडली. आतला जॅक सुटा झाला होता. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी घेऊन त्यानं तो आवळून बांधला. आवाज बंद!

"किती झाले?" वकिलांनी विचारलं.

"ह्याचं काय घ्यायचं वकीलसाहेब? जावा की."

वकील गेले, पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला परत हजर. डोळे लाल. "अण्णा, रात्रभर झोप नाही. फुकट काम करणारा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. यात काहीतरी आहे. तू काहीतरी घे बाबा!"

अण्णानं डोकं खाजवलं. "बरं, पाच रुपये द्या."

वकिलांनी पाकीट काढलं, उघडलं आणि थांबले. "पाच जरा जास्त नाही वाटत?"

*

बावड्याच्या पाटलांना वेगळीच शंका. गॅरेजात गाडी ठेवली की पेट्रोल कमी होतं, असं त्यांचं ठाम मत. काटा चालत नव्हता, म्हणून त्यांनी खराट्याची एक लांब काडी घेतली, टाकीत बुडवली आणि ओल जिथपर्यंत आली तिथं खूण केली. संध्याकाळी गाडी न्यायला आले ते काडी घेऊनच. आमच्यासमोर टाकीत घातली, फिरवून बघितली, आणि कट्कन आवाज आला. निम्मी काडी पाटलांच्या हातात, निम्मी टाकीत!

"ऱ्हाऊ दे, काय हुतंय?" म्हणत पाटील गाडी घेऊन गेले. चौथ्या दिवशी ऐन उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीत गाडी बंद. पेट्रोलच येईना. पाटलांनी आल्या आल्या अण्णाला धारेवर धरलं. "तुझ्याकडनं गाडी नेली आनि चार दिवसांत बंद! काय काढून घेतलंस त्यातलं?"

टाकी उतरवावी लागली. धुवावी लागली. पाइप काढून फुंकावा लागला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अण्णानं वर्तमानपत्राची एक लहानशी पुडी पाटलांच्या हातात दिली. पाटलांनी ती उघडली. आत वीतभर काडी.

"ह्यो तुमचा जुना पार्ट," अण्णा म्हणाला. "बघून घ्या."

*

आता माझं ऐका. या सगळ्यात मी जास्त शहाणा होतो असं समजू नका.

बायकोच्या डोळ्यांचे उपचार मिरजेला चालू होते. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जायचं, आणि तारीख चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. एकदा येताना गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली. मी गाडी अण्णाकडे टाकली आणि बायकोच्या डोळ्यांचं, मिरजेच्या तारखांचं त्याच्या कानावर घातलं. त्यानं कान लावून इंजिन ऐकलं, सायलेन्सरमध्ये बोट घालून बघितलं.

"सर, इंजिन उतरावं लागंल. आनि खर्च एवढा हाय की तेवढ्याची आता गाडीच न्हाई. माझं ऐका, इकून टाका."

इंजिन करा म्हणाला असता, तर पैसे काढतोय असं मी म्हटलं असतं. तो विका म्हणाला, तर माझा संशय दुप्पट झाला! स्वतःचं काम बुडवून कोणता मिस्त्री गाडी विकायला सांगतो? नक्कीच कोणीतरी गिऱ्हाईक धरून ठेवलंय यानं. मी गाडी काढली आणि दुसऱ्या एका गॅरेजात नेली. तिथला माणूस म्हणाला, "इंजिनला काय झालंय? नुसतं ऑइल बदला." मला तो फार सज्जन वाटला.

पुढच्या महिन्यात मिरजेला जाताना हातकणंगल्याच्या अलीकडे गाडी जी थांबली, ती थांबलीच. बायको काळा चष्मा लावून बाभळीखाली दगडावर बसली. जवळ फोन नाही, बूथ नाही. अडीच तासांनी एक दुधाचा टेम्पो मिळाला, पण दवाखान्याची वेळ टळून गेलेली. डॉक्टरांनी चार दिवसांनंतरची तारीख दिली आणि परत असं करू नका म्हणून झापलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतीच्या एसटीत मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

तीच म्हणाली, "तुमाला अण्णांचा संशय येतोय, डॉक्टरांचा येतोय, माझासुदिक येतोय. त्या गाडीचा तेवढा कधीच न्हाई आला!"

*

मग विकायचं ठरलं. येतील त्या पैशांत थोडे घालून दुसरी धडधाकट गाडी घ्यायची, आणि पुढच्या महिन्याची मिरज त्या गाडीतून करायची. गाडी कशीबशी धुगधुगत आणली, जाहिरात दिली. शिरोळहून एक ऊसवाले पाव्हणे आले. गाडीला तीन फेऱ्या मारल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. माझ्या वळखीचा एक मिस्त्री हाय. त्यो म्हणंल ती पूर्व दिशा. चला, दाखवून येऊ."

आणि त्यांनी मला नेलं कुठं, तर शाहूपुरीत दत्तूअण्णाच्या दारात!

झालं, आता हा सांगणार इंजिन उतरावं लागंल, आणि आमची मिरज पुन्हा बाभळीखाली. अण्णानं मला बघितलं, ओळख दाखवली नाही. बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला. मग दोघांच्याही तोंडाकडे न बघता म्हणाला, "गाडी चांगली हाय. घ्या."

पाव्हण्यांनी तिथंच खिशात हात घातला. आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. गाडी चांगली? म्हणजे इंजिन धडधाकट! म्हणजे मला विका म्हणाला ते या पाव्हण्यासाठी! ओळखीचे निघाले की दोघं!

"थांबा," मी म्हणालो. "गाडी विकायची नाही."

"का वं सर? दोन हजार वाढवून देतो!"

दोन हजार वाढवतोय! आता तर माझी खात्रीच पटली. "दहा दिले तरी नाही!" मी ओरडलो.

अण्णानं हात पुसले, माझा दंड धरला आणि मला गॅरेजच्या मागे, पाव्हण्यांना ऐकू जाणार नाही अशा जागी नेलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"सर," तो म्हणाला, "धा वर्सं तुमच्याशी खरं बोललो, एकदाबी इश्वास ठेवला न्हाईसा. आज वैनींच्या डोळ्यांसाठी जन्मात पयल्यांदा खोटं बोललो. आनि नेमकं तेच खरं धरलंसा?"