एकच साडी आणली, शपथेवर सांगतो

लग्नानंतर अकरा वर्षांनी मी मोताळ्याच्या बाजारातून बायकोला न सांगता एक साडी आणली, पोपटी रंगाची. तीन दिवस घरात मला जावयाचा मान होता. चौथ्या दिवशी, रविवारी, टीव्हीनं घात केला.

गावात टीव्ही एकच, माझा. अख्खं गाव अंगणात; जे मावले नाहीत ते कडुनिंबावर. तो निंब तेव्हा जो वाकला तो अजून सरळ झालेला नाही. त्या संध्याकाळी टीव्हीसाठीच काढलेला एक विनोदी सिनेमा लागला. त्यातला नवरा हापिसातल्या बाईच्या नादी लागतो, आणि एकसारख्या दोन साड्या घेतो. एक घरी, एक तिकडे. लोक हसून लोळत होते. बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दुसरी कोनाले देली?"

"अवं, एकच घेतली!"

"तो बी असाच म्हनून राह्यला," तिनं टीव्हीकडे हात केला.

तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. मी छपरावर चढलो. अँटेनाचा पाइप धरला की चित्र साफ, सोडला की मुंग्या. "सोडू नोका, भाऊ!" खालून दोनशे तोंडं ओरडली. शेवटचा अर्धा तास मी वर खांब होऊन उभा, आणि खाली असा हशा की पायाखालची टिनं उडत होती.

"माफ केलं का बे तिनं त्याले?" मी ओरडलो.

"चूप राहा नं! ऐकू येऊन नाही राह्यलं!"

उतरलो तर बातम्या लागलेल्या. शेवट कोणी सांगेना. जो तो माझ्याकडे पाहून दात काढी.

पुढच्या बाजाराला ती तीच साडी नेसून माझ्यासोबत जीपमध्ये बसली आणि थेट कापडवाल्याच्या पालात शिरली.

"दादा, याईनं किती साड्या नेल्या तुमच्याकून?"

आता बाजारातला कापडवाला. कोणी एकदा टॉवेल नेला तरी तो त्याला नेहमीचाच म्हणणार. छाती फुगवून म्हणाला, "काय इचारता, वहिनी! भाऊ तं आपलं घरचं गिऱ्हाईक. दर बजारी एक नेतेत!"

"अबे, काऊन खोटं बोलून राह्यला?" मी किंचाळलो. त्याला वाटलं मी भाव पाडतोय. त्यानं आणखी एक साडी उलगडली.

परतताना जीपमध्ये मी हळूच विचारलं, "त्या बाईनं शेवटी माफ केलं का त्याले?"

"केलं," ती बाहेर पाहत म्हणाली. "तिनं दुकानदाराले इचारलं नव्हतं."