दुसऱ्या अंकातला अंधार

ताईंनी आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही. तरीही त्यांच्यावाचून 'दिवटी' आठवडाभर चालणार नाही, असं दिवटी लिहिणारे लोक सांगतात. हे लोक मोजके आहेत, वेगवेगळ्या गावी राहतात आणि बिनपगारी आहेत, त्यामुळे त्यांना खोटं बोलायचं काही कारण नाही.

दिवटी हे नाटकाचे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर आहे. कुठला दिवा कधी लागायचा, किती उजळायचा, कुठल्या रंगात विझायचा हे आधी भरून ठेवायचं आणि प्रयोगाच्या वेळी काचेच्या खोलीत बसून एकेक बटण दाबत जायचं. ती फुकट मिळते. शिवाय ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचं यंत्र झाकलेलं नाही. कुणीही आत डोकवावं, मोडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं. दुरुस्त करायला चारजण येतात. तक्रार करायला मात्र सगळे येतात, आणि त्या दाराशी ताई बसलेल्या असतात.

दिवसा त्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे?" केस पांढरे होईस्तोवर त्यांनी हाच प्रश्न विचारला आहे. एका वेळी एकच भिंग बदलायचं, हा त्यांचा नेम. दोन बदलली की कशानं दिसायला लागलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, असं त्या म्हणतात.

दिवटीशी त्यांची गाठ धाकट्या भावामुळे पडली. भाऊ हौशी नाटकांचे दिवे सांभाळतो. एकदा तो संगणकाला अशा काही शिव्या घालत होता की ताईंनी त्याला उठवलं, स्वतः बसल्या आणि त्याची तक्रार लिहून काढली: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. उलट टपाली मुकादमाचं उत्तर आलं. मुकादम म्हणजे दिवटीचा मूळ कर्ता. हे नाव त्याला सहकाऱ्यांनी दिलं आणि त्यानं तक्रार केली नाही. त्यानं लिहिलं होतं, "अशी तक्रार मी प्रथमच पाहतोय. बाकीच्यांच्याही तुम्हीच लिहाल का?"

बाकीच्यांच्या म्हणजे काय, हे ताईंना नंतर कळलं. कुणी नुसतं "चालत नाही" लिहितो. कुणी "तातडीचं!!!" लिहून सुट्टीवर जातो. एकानं दिवा लागत नाही म्हणून सविस्तर लिहिलं. तीन पत्रांनंतर बल्ब गेलेला निघाला. एका दिग्दर्शकानं तर नायिका उशिरा येते म्हणून कळवलं होतं. ताई सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारतात. हे प्रश्न संसारातही विचारून पाहावेत, असं त्यांच्या यजमानांचं मत नाही.

त्यांचे नियम दोन. ओळखीनं काम होणार नाही. ज्यानं त्यानं रांगेत यावं. आणि तक्रार करणारा स्वतः "चालतंय" म्हणेपर्यंत तक्रार बंद करायची नाही. पहिला नियम त्यांनी भावालाही ऐकवला होता. दुसरा त्यांनी एका शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या गडबडीत, मोडला.

त्या शनिवारी दुपारी भाऊ दुकानात शिरला तेव्हा एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते.

"ताई, तू माझी तक्रार बंद केलीस."

"तुझी? तुझी कुठं आलीये?"

"काजवा. काजवा या नावानं."

ताईंचा हात भिंगासकट थांबला. काजव्याची तक्रार त्यांना आठवली. 'दुसऱ्या अंकात अंधार. मध्यंतरानंतर दिवे येतच नाहीत.' तशीच एक जुनी तक्रार होती: मध्यंतरात कुणी हात लावत नाही, संगणक झोपी जातो आणि मग दिवे उठत नाहीत. मुकादमानं ते नुकतंच दुरुस्त केलं होतं. म्हणून ताईंनी 'ही तक्रार आधीच आली आहे, नवीन व्हर्जन घ्या' असं लिहून काजव्याला वाटेला लावलं होतं.

"नवीनच आहे माझ्याकडे," भाऊ म्हणाला. "ते तू विचारलंच नाहीस."

"अरे पण मला सरळ सांगायचंस ना!"

"रांगेत ये, कोण म्हणालं होतं?"

"बाई," फ्रेमखालून आजोबा म्हणाले, "हे बरं की हे, ते मी आता सांगू का नंतर?"

भावाची गोष्ट एवढीच होती. आज संध्याकाळी मोठ्या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग होता. आजवर तो दुसऱ्यांच्या प्रकाशयोजनेची बटणं दाबत आला. ही प्रकाशयोजना पहिल्यांदाच त्याची स्वतःची. दुसरा अंक पहाटेनं उघडतो आणि ती पहाट त्यानं महिनाभर खपून रचली होती. काल रंगीत तालमीला पहाट झालीच नाही. व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, प्रेक्षक आत सोडायच्या आधी दिवे धड चालले नाहीत तर जुने स्विचबोर्डवाले काका बसतील. काकांच्या बोर्डावर पहाट म्हणजे एक पिवळा दिवा. खटका वर केला की उजाडलं.

ताईंनी आजोबांचा नंबर लिहिला, मालकांना "येते" म्हटलं आणि किती वाजता ते न सांगताच निघाल्या. मालक ताईंना प्रथमच पळताना पाहत होते, त्यातून ते सावरले नव्हते.

नाट्यगृहाच्या काचेच्या खोलीतून ताईंनी मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी काजव्यानं तक्रारीला जोडलेली फाइल मघाशीच चालवून पाहिली. माझ्याकडे चालतं."

हे वाक्य प्रोग्राम लिहिणारे लोक झोपेतही म्हणतात.

"पहिल्या अंकानंतर काय केलंत?"

"दुसरा अंक लावला."

"लगेच?"

"मग काय करायचं?"

ताई भावाकडे वळल्या. "तू काल मधे काय केलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे चहा. मध्यंतर होतं."

"मुकादम," ताई फोनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही मध्यंतर घेतलं नाहीत."

पलीकडून मुकादम हळूच म्हणाला, "चहा ठेवतो."

चहा संपेपर्यंत त्याच्याकडेही अंधार झाला होता. मुकादमाला एवढा आनंद झाला की तो ओरडला, "झालं! माझ्याकडेही चालत नाही!" भावाला यात आनंदाचं काय ते कळेना. पण मोडलेलं स्वतःच्या हातात मोडल्याशिवाय हे लोक दुरुस्त करू शकत नाहीत.

"जुनंच व्हर्जन चालवू का?" भावानं विचारलं.

"त्यात रंग हळूहळू पालटायची सोय नाही. तुमची पहाट होणार नाही," मुकादम म्हणाला. "मधे सोळा बदल झालेत. त्यातला एक चोर आहे. पण प्रत्येक तपासायचा तर प्रत्येक वेळी मध्यंतर थांबावं लागणार."

मध्यंतर लवकर संपावं म्हणून भावानं संगणकाचं घड्याळ पुढे सारून पाहिलं. दिवटी फसली नाही. ती वेळ स्वतःच मोजत होती.

"सोळा मध्यंतरं!" तो मटकन खाली बसला. "म्हणजे काकाच."

"सोळा कशाला?" ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे एव्हाना लकाकायला लागले होते. "पहिल्या भिंगापासून सुरुवात करते का मी कधी? मधलं घालते. बरं म्हणाला तर पुढचं, वाईट म्हणाला तर मागचं. मुकादम, आठव्या बदलापर्यंतची प्रत पाठवा."

आठवी आली. पहिल्या अंकाचा शेवट, काळोख, मध्यंतर. तिघं फोन धरून, एकही बटण न दाबता, एका चहाइतका वेळ बसले. नाटकाचं मध्यंतर इतक्या एकाग्रतेनं आजवर कुणी पाहिलं नसेल. मग भावानं दुसऱ्या अंकाचं बटण दाबलं.

"रंगाचं सोड. उजेड आला का ते सांग."

"आला!"

म्हणजे चोर पुढच्या आठात. बारावी प्रत: अंधार. भाऊ कळवळला, ताई हरखल्या. "अरे, हेच तर हवं! आता चारच उरले!" व्यवस्थापक डोकावून गेले. "बाई, प्रेक्षकांना नाटक दाखवायचं आहे, सॉफ्टवेअर नाही." मागे काका उभे होते. ते भले गृहस्थ. त्यांनी भावाला बिस्किटं दिली, त्यामुळे भावाला जास्तच वाईट वाटलं.

दहावी: उजेड. बाहेर तिकिटांच्या खिडकीशी गलका सुरू झाला. अकरावी लावली आणि पुन्हा वाट पाहणं. भाऊ नखं खात होता, मुकादमाचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. बटण दाबलं. रंगमंच काळाकुट्ट.

"अकरावा!" ताई खुर्चीतून उठल्याच. "मुकादम, अकरावा बदल कुणाचा?"

मुकादमानं घसा साफ केला. "माझा. संगणक झोपू नये म्हणून केलेला."

आपल्या संगणकाच्या पडद्यावर ओळी चाळत तो सांगत गेला. संगणक जागा राहावा म्हणून दिवटी शेवटचा हुकूम सारखा पुन्हा पुन्हा पाठवत राहायची. मध्यंतरात शेवटचा हुकूम काय? सगळं विझव. विझव, विझव, विझव, अशी हुकमांची ही मोठी रांग लागायची, आणि बिचारी पहाट रांगेच्या टोकाला उभी. अंक संपेपर्यंत तिची पाळी येणार नव्हती.

"म्हणजे ती जुनी तक्रार नव्हती," ताई म्हणाल्या. "तिची मुलगी होती. तोंडावळा तोच, म्हणून मी फसले."

मुकादमानं तेवढा बदल काढून नवी प्रत पाठवली. ती उतरली तेव्हा दारावरचा माणूस पहिली तिकिटं फाडत होता. भावानं घाईघाईनं पहाट लावून दाखवली. राखाडीतून गुलाबी, गुलाबीतून सोनेरी. काका म्हणाले, "हे काय माझ्या खटक्याला जमायचं नाही," आणि व्यवस्थापकांनी हो म्हणायच्या आधी तेच जाऊन प्रेक्षकांत बसले.

तेवढ्यात भाऊ पांढराफटक पडला. "ताई. तो बदल काढला, म्हणजे संगणक मध्यंतरात पुन्हा झोपणार. आपण चहापुरतंच थांबत होतो, खरं मध्यंतर त्याहून लांब असतं."

"झोपू नको म्हणून सांगायची सोय असते ना त्यात?"

"तिचा पासवर्ड नाट्यगृहाच्या कचेरीत. कचेरीला शनिवारची सुट्टी."

तिसरी घंटा झाली.

पहिला अंक बरा गेला म्हणतात. ताईंना काही आठवत नाही. मध्यंतर झालं, प्रेक्षक पाय मोकळे करायला बाहेर गेले. काचेच्या खोलीत ताई माऊस धरून बसल्या. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. भाऊ मागे उभा होता. सहकाऱ्यांना कळल्यावर फोनवर मुकादमाच्या जोडीला आणखी दोघंतिघं आले होते, आणि निरनिराळ्या गावांतली ही हुशार माणसं श्वास रोखून एका बाईला माऊस हलवताना ऐकत होती.

"हलवताय ना, ताई?"

"हलवतेय. बोलू नका, लक्ष जातं."

घंटा झाली. माणसं परतली. काळोख झाला, आणि या वेळी तो नाटकातलाच होता. भावानं बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग रंगमंचाच्या मागच्या कडेला एक रेघ राखाडी झाली. ती गुलाबी झाली. अंगणातलं झाड आधी दिसलं, मग विहीर, मग विहिरीवरची नटी, जिला खरं तर लगेच बोलायचं होतं, पण तीही वळून पाहत राहिली. खालून कुणीतरी एकच टाळी वाजवली. ती काकांची होती. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि भावानं पुढचं बटण दाबायला किंचित उशीर केला.

दोन दिव्यांच्या मधल्या उसंतीत ताईंचा फोन थरथरला. सकाळी बंद करून पुन्हा उघडलेल्या तक्रारीवर काजव्याचं उत्तर आलं होतं. काजवा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, समोर बघत, गंभीर चेहऱ्यानं बसला होता. त्यानं रांगेतून, नियमाप्रमाणे लिहिलं होतं:

"चालतंय. ताई, आता माऊस सोड."