मशीनची खंडेनवमी

सौंसरच्या नळयोजनेवर पंप चालवणारा देवीदास देव मानत नसे, आणि हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकी. खंडेनवमीला अख्खा गाव सायकली, शिलाई मशिनी धुऊन त्यांना हळद-कुंकू वाहायचा. देवीदासच्या पंपाला मात्र कुंकवाचं बोट लावायची कुणाची छाती नव्हती. "त्याले ग्रीस लागते, कुंकू नाही," म्हणायचा. पांढुर्ण्यात त्याने सात-आठ नास्तिकांचं मंडळ जमवलं होतं. बाप गेल्यावर डोकं भादरलं, एवढ्याचसाठी नत्थूजीला, आपल्या जिवलग मित्राला, त्याने त्या मंडळातून हाकललं होतं. मोठा कडक गडी!

सत्याऐंशी साली नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोच्या, देवकाबाईच्या, छातीत बॅटरीवरचं मशीन बसवलं. हृदय रेंगाळलं की ते ठोका देई. देवीदासला जग जिंकल्यासारखं झालं. उद्या माणसाचा एकेक भाग बदलता येईल, मरणाचीच सुट्टी होईल, असं तो लोधीखेड्याच्या बसमध्ये अनोळखी माणसांनाही ऐकवू लागला. घरी मात्र त्याला घडीभर चैन नसे. पंप बिघडायच्या आधी त्याच्या तळहाताला कळायचं. हे मशीन कातडीखाली बंद. ना आवाज, ना तेल घालायची जागा. जेवता जेवता उठून तो बायकोची नाडी धरायचा, घड्याळ बघायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा.

त्या नवमीला मंडळात त्याचं भाषण होतं, 'मरणावर मात'. पुरावा म्हणून देवकाबाईला सोबत न्यायचं ठरलं होतं. निघायच्या वेळी ती पूजेचं ताट घेऊन समोर बसली.

"गावातल्या साऱ्या मशिनींची पूजा होऊन राहिली. माह्या मशीनचीच काऊन नाही?"

"येडी झाली काय?"

"तुमी कुंकू लावा, तवाच येतो मी."

देवीदास भडकला. अंगणात चार चकरा मारून आला. मग तिच्या खांद्याखालच्या व्रणावर त्याने कुंकवाचं बोट टेकवलं. बोटाखाली ठोका लागला आणि ते त्याला उचलवेना. त्या नादात बस चुकता चुकता राहिली.

भाषण रंगात आलं होतं. हातवारे चालले होते. मंडळातले म्हातारे यशवंतराव मध्येच म्हणाले, "देवीदासजी, बोटाले काय लागलं हे?"

हात खिशाकडे गेला आणि थांबला.

"कुंकू हाये," तो म्हणाला. "हिच्या मशीनले लावलं. बंद पडंन म्हून भेव वाटते मले. रोज वाटते."

यशवंतरावांनी घसा खाकरला. "मंग आपल्या नेमापरमानं..."

"मले काढा," देवीदास म्हणाला. "पण पयले नत्थूजीले परत बोलवा. त्याचा बाप मेला होता, अन् मी त्याच्या डोक्याचे केस पाहून राहिलो होतो."