आईच्या हिशेबातली दुबई

आमच्याकडे कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. आळेफाटा किती लांब, तर अर्धा तास. पुणे किती, तर तीन तास, आणि चाकणला ट्रॅफिक लागलं तर देव जाणे. त्यामुळे मुंबईहून दुबईचं विमान तीन तासांत पोचतं, हे कळल्यापासून आईच्या लेखी दुबईत राहणारी मी पुण्याइतकीच लांब होते. विमानतळ ते विमानतळ एकोणीसशे किलोमीटर, हे मी तिला मोबाइलवर दाखवलं होतं. तिनं त्यातले फक्त तास घेतले.

बेल्ह्याच्या बाजारात ओळखीची बाई भेटली की ती सांगायची, "धाकटी डोंबिवलीला दिली, ती लांब पडली. पाच तास लागत्यात. थोरली दुबईला हाय, ती जवळ." मुंबईत उतरल्यावर पुढं माळशेज घाट चढून गावात यायचं असतं, ते ती मोजतच नसे. मी चिडवायचे, "आई, विमान काय आपल्या अंगणात उतरतं का?" ती म्हणायची, "उतरंल की एखाद दिवशी."

गेल्या हिवाळ्यात सकाळीच दादांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. चहा ठेवता ठेवता आई गेली होती. "तू आल्याबिगर न्यायची न्हाई, असं समद्यांना सांगितलंय मी," ते म्हणाले.

मी तिकीट शोधायला बसले. दिवसाच्या एकाही विमानात जागा नव्हती. मिळालं ते रात्रीचं. वडिलांना तसं कळवलं. त्यांच्यामागे बायांचं रडणं ऐकू येत होतं. फाट्यावर गच्च भरलेली एसटी आली की ते जशी समजूत घालायचे, त्याच आवाजात म्हणाले, "सीट नसंल तर उभ्यानं ये. तीनच तास तर काढायचेत."

"उभ्यानं घेत नाहीत, दादा."

"त्यांना सांग की, आई गेलीया म्हणून. घेत्याल."

मी फोन ठेवला. आईला शेवटचं बघायला मिळणार नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं. त्यांना मात्र पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना थांबवून धरलं. धाकटी दुपारपर्यंत डोंबिवलीहून पोचली. ती लांबची होती ना. दिवस मावळायला आला तेव्हा भावकीनं वडिलांचं न ऐकता आईला उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले. आईला ठेवलं होतं त्या जागी दिवा जळत होता. वडील पडवीत बसले होते. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

"समदे म्हणत व्हते, तोंड झाका," ते म्हणाले. "मी झाकू दिलं न्हाई. पार ओढ्याच्या मसणवट्यापतूर उघडं ठेवलं. म्हणलं, थोरली यायची हाय."

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

"मी सारखा रस्त्याकडंच बघत व्हतो, बाय," ते म्हणाले. "तिच्याकडं बघायचं ऱ्हाऊनच गेलं."